ज्याच्या नावाने फ्रोझन मटार विकले जातात, त्याची कबर कुठेच का नाही?

थोरामोठ्यांच्या समाध्या आणि कबरी आवर्जून बघायला जाणारे लोक असतात. पण फ्रोझन फूडच्या धंद्याचा जनक म्हणून ज्याला ओळखतात, त्या क्लॅरेन्स बर्ड्सआयची कबर बघायला निघालात तर हात हलवत परत यावं लागेल. ७ ऑक्टोबर १९५६ ला तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याचं दहन झालं आणि रक्षा मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरजवळ समुद्रात सोडली गेली.

ग्लॉस्टरच का? तर हे जुनं मासेमारीचं बंदर. इथल्याच माशांवर त्याने आपला धंदा उभा केला.

पण गोष्ट सुरू होते कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये. १९१२ मध्ये हा गडी तिकडे गेला आणि फरच्या व्यापारात शिरला. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे पकडायचे. बाहेर उणे ४० च्या आसपास थंडी, त्यात वारा. मासा बाहेर काढला की बघता बघता गोठायचा. पण काही महिन्यांनी शिजवला तरी चव ताज्यासारखीच!

यामागचं विज्ञान तुमच्या घरच्या फ्रीजमध्येही दिसतं. सुरमईच्या तुकड्या फ्रीजरमध्ये ठेवल्या की त्या हळूहळू गोठतात. मग आतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. म्हणून बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि मासा लिबलिबीत होतो. तेच झटकन गोठवलं, तर स्फटिक बारीक राहतात आणि पेशी बऱ्याच अंशी शाबूत.

बर्ड्सआयने हीच थंडी कारखान्यात आणली. खोक्यात भरलेले मासे अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून गोठवायचे, अशी ती पद्धत. १९२९ मध्ये कंपनी आणि पेटंट मिळून २ कोटी २० लाख डॉलरला विकले गेले. ६ मार्च १९३० ला मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्डच्या १८ दुकानांत हा माल पहिल्यांदा विक्रीला आला. ब्रँडचं नाव त्याच्याच आडनावाची फोड करून ठेवलं, 'बर्ड्स आय'.

आता इथे एक गोष्ट खटकते. यंत्र त्याचं, धडपड त्याची, हे मान्यच. पण ज्यांच्याकडे बघून त्याला हे सुचलं, त्या इन्युइटांना ना पेटंट मिळालं, ना पाकिटावर जागा.

तरीही ग्लॉस्टरला गेलातच, तर कारखान्याच्या जागी आता बोपोर्ट नावाचं हॉटेल दिसेल. तिथून जवळच, किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर सुकाणू धरून उभ्या कोळ्याचा पुतळा आहे. त्याच्याभोवती समुद्रात गेलेल्या पाच हजारांहून जास्त कोळ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्याही कबरी नाहीत.