नवी मोटार परदेशीं घेतली, पण घरीं कशी आणावी?



आपल्या शहरांतील दुकानांतून मोटार विकत घेणें वेगळें, आणि ती जेथें घडली त्या कारखान्याच्या दाराशीं जाऊन ताब्यांत घेणें वेगळें. जर्मन मोटारी पसंत करणारीं कित्येक अमेरिकन गिऱ्हाइकें अनेक वर्षें हा दुसरा मार्ग पत्करीत असत. युरोपांत सुटी घालवावयाची, नव्या मोटारींतून हिंडावयाचें आणि शेवटीं ती जहाजानें घरीं धाडावयाची, असा हा बेत. ऐकावयास तो केवळ चैनीचा वाटतो. परंतु तो तडीस जातो तो कागदपत्रांच्या आणि वेळापत्रकाच्या बळावर. तें कसें, हें आज पाहूं.

उदाहरणादाखल म्यूनिक शहर घ्या. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें तेथें आपल्या कारखान्याशेजारीं २००७ सालीं एक भव्य इमारत उघडली. गिऱ्हाइकास मोटार तेथें समारंभपूर्वक देण्यांत येते. मात्र अमेरिकन गिऱ्हाइकाचा सौदा म्यूनिकला होत नसे. तो आधींच त्याच्या गांवच्या विक्रेत्याशीं ठरलेला असे. मोटारही अमेरिकेच्या कायद्यास अनुसरून, तेथील दिवे व धुराचे नियम पाळून बांधलेली असे. दोन्हीं देशांत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालत असल्यामुळें सुकाणूची अडचण पडत नसे.

गिऱ्हाइकास किमतींत कांहीं सूट मिळे. शिवाय मोटार देशाबाहेर जावयाची असल्यामुळें जर्मनींतील विक्रीकराचा भार तिच्यावर पडत नसे. पण या सवलतीला एक अट चिकटलेली आहे. मोटार जर्मनीची रहिवासी नव्हे, पाहुणी आहे. आणि पाहुण्यानें वेळेवर निघावयाचें असतें. म्हणून निर्यातीच्या मोटारीस जी क्रमांकाची पाटी मिळते, तिच्या उजव्या कडेस लाल पट्टी असते व त्या पट्टींत मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. विम्याची मुदतही तिच्याशींच निगडित असते. ती तारीख उलटली कीं स्वतःच्या मालकीची मोटारही रस्त्यावर नेतां येत नाहीं!

दुसरी गोष्ट वेगाची. जर्मनींतील हमरस्त्यांच्या कांहीं भागांवर वेगाला कायद्याची मर्यादा नाहीं. ताशीं १३० किलोमीटर ही नुसती शिफारस आहे. परंतु नव्या इंजिनास पहिले कांहीं आठवडे जपून वागवावें लागतें, त्याला एकदम पराकाष्ठेचा ताण देणें बरें नव्हे. रस्ता मोकळा, पण पाय आवरावयाचा, अशी ही मौज आहे.

सहल संपली कीं मोटार ठरलेल्या ठिकाणीं सोपवावयाची. पुढें ती ब्रेमरहाफेनसारख्या बंदरांतून जहाजावर चढते. हीं जहाजें अशीं बांधलेलीं असतात कीं मोटारी चाकांवरच आंत नेतात. सोपवितांना प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून घ्यावा, नाहींतर पुढें भरपाई मागणें कठीण. आपलें सामान गाडींत ठेवूं नये. चाकांखालचा चिखलही धुवून काढावा. कारण परक्या मातींतून शेतीस घातक कीड येऊं नये म्हणून अमेरिकेचे जकात अधिकारी मातीनें माखलेलें वाहन आंत घेत नाहींत. यानंतर मालक विमानानें एका दिवसांत घरीं पोहोंचतो, आणि मोटारीसाठीं मात्र कित्येक आठवडे वाट पाहतो.

बी. एम. डब्ल्यू. व मर्सिडीज-बेंझ या कंपन्यांनीं अमेरिकन गिऱ्हाइकांसाठीं चालविलेली ही योजना २०२० सालीं बंद केली. तरीही तिचा धडा जुना झालेला नाहीं. आपल्याकडील कोणी परदेशांतून नवी मोटार आणूं म्हणेल, तर त्यानें प्रथम सुकाणू उजवीकडे आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मोटारीच्या किमतीबरोबरच जकातीचाही हिशेब करावा. कारखान्याच्या दारांत किल्ली हातीं आली, म्हणजे लग्न लागलें खरें. पण वरात घरीं पोहोंचेपर्यंत वाटेंत जकातीचा नाका आहे, आणि तेथें किल्ली दाखवून भागत नाहीं, कागद दाखवावे लागतात.