टॉर्च घेताना ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका

गोदामाचा चौकीदार असो, मोटार मेकॅनिक असो, की रात्री ट्रकवर ताडपत्री आवळणारा ड्रायव्हर, टॉर्चवाचून त्याचे चालत नाही. पूर्वी हा व्यवहार सोपा होता. दोन सेलची की तीन सेलची, एवढेच विचारायचे. आता डब्यावर टी६, एसएसटी-४०, एक्सएचपी-७० अशी नावे आणि एक लाख ल्युमेनसारखे आकडे छापलेले असतात. कमी पैशांत चांगली वस्तू हवी असेल तर या नावांमागे काय आहे, हे कारागीर व दुकानदार बंधूंनी जाणून घेतले पाहिजे.

आकड्याचा हिशेब

ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. चांगली पांढरी एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन देते. म्हणजे एक लाख ल्युमेनसाठी साडेसहाशे वॅटहून अधिक शक्ती लागेल. टॉर्चमध्ये सहसा १८६५० हा लिथियम सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. चांगल्या सेलची क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे साडेबारा वॅट-तास. एवढ्या साठ्यावर तो प्रकाश जेमतेम एक मिनिट टिकेल, आणि इतका प्रवाह हा सेल मुळात देऊच शकत नाही. तेव्हा तो आकडा खोटा आहे, हे कागद-पेन्सिलीनेच सिद्ध होते. सेलवर ९,९०० छापले असेल तर तेही खोटेच. खरा सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो. फारच हलका भरला तर आत माल कमी आहे असे समजावे.

लहान दाणा, मोठा दाणा

एलईडीच्या मधोमध जो पिवळा चौकोन दिसतो, त्याला आम्ही सोयीसाठी दाणा म्हणू. सारी निवड या दाण्यावर आहे. लहान दाण्यातून निघणारा प्रकाश परावर्तक एका दिशेला घट्ट बांधतो. झोत लांब जातो. मोठ्या दाण्याचा प्रकाश पसरतो. जवळचे सारे उजळते, पण लांबवर जोर राहत नाही. अंतर दुप्पट हवे असेल तर झोताची तीव्रता चौपट लागते, हेही ध्यानात ठेवावे.

एसएसटी-२० ही साडेतीन मिलिमीटरची लहान एलईडी आहे. क्री कंपनीची २०१० साली आलेली एक्सएम-एल पाच मिलिमीटरची. तीन अँपिअरवर ती सुमारे एक हजार ल्युमेन देते. टी६ हे एलईडीचे नाव नव्हे, ती प्रतवारीची खूण आहे. नुसते ‘टी६’ छापल्याने आत कोणाचा माल आहे हे कळत नाही. एसएसटी-४० हीसुद्धा पाच मिलिमीटरची, पण अधिक प्रवाह सोसणारी, आणि एकाच सेलवर चालणारी. पसारा आणि लांबी दोन्ही थोडे थोडे हवे असणाऱ्याला ती सोयीची. एक्सएचपी-७० सात मिलिमीटरची असून तिच्यात चार दाणे असतात. तिला ६ किंवा १२ व्होल्ट लागतात. सेल मात्र ३.६ व्होल्टचा. म्हणून एकापुढे एक जोडलेले दोन-चार सेल किंवा व्होल्टेज वाढवणारे सर्किट हवे. स्वस्तातल्या एका सेलच्या टॉर्चमध्ये असे सर्किट चांगले असण्याची आशा कमीच.

रंग ओळखायचा असेल तर

कापडवाला, वायरमन आणि गाडी रंगवणारा यांनी ल्युमेनपेक्षा सीआरआय पाहावा. प्रकाशात रंग किती खरा दिसतो, त्याचे हे माप, सूर्यप्रकाशाचे १००. स्वस्त निळसर-पांढऱ्या एलईडीचा सीआरआय ७०च्या आसपास असतो. तिच्या उजेडात मरून आणि तपकिरी, लाल वायर आणि तपकिरी वायर यांत गफलत होते. वायरमनची अशी चूक जिवावर बेतू शकते. निचियाची ५१९ए, तसेच एसएसटी-२० चा ९५ सीआरआयचा प्रकार यासाठी चांगला. प्रकाश थोडा कमी मिळतो, पण रंग खरा दिसतो.

दुकानात काय पाहावे

टॉर्च पूर्ण जोरावर पाच मिनिटे चालू ठेवा. छोट्या टॉर्चला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते. ती हात पोळवील किंवा प्रकाश झपाट्याने उतरेल. पांढऱ्या भिंतीवर झोत पाडून मधे काळा डाग पडतो का ते पाहा. एक लाल आणि एक तपकिरी कापड बरोबर न्या. डब्यावर एफएल१ हे मापाचे प्रमाण लिहिले असेल तर बरे. त्यात ल्युमेन टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी मोजतात, क्षणिक उसळी धरत नाहीत. सेलवर बीआयएसची नोंदणी खूणही पाहावी. थोडक्यात, चौकीदाराने लहान दाणा घ्यावा, गोदामात माल शोधणाऱ्याने मोठा, आणि रंगाशी काम असणाऱ्याने जास्त सीआरआयचा.

विकणाऱ्या बंधूंना

डब्यावरचा आकडा आम्ही छापला नाही, असे दुकानदार म्हणतात. ते खरे आहे. पण तोच आकडा दाखवून आपण माल विकतो, हेही खरे आहे. मापात काटा मारणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे, आणि ल्युमेन हेही मापच आहे. गिऱ्हाइकाला सरळ सांगावे, ‘भाई, आकडा सोडा, काम कोणते ते सांगा.’ त्या दिवशी नफा थोडा कमी होईल. पण पुढच्या वेळी तोच माणूस आणखी दोघांना घेऊन येईल. धंद्यातली बरकत आम्ही यालाच म्हणतो.