उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका



लघवीला आग झाली, रंग तांबूस दिसला, की आपल्याकडे निदान ठरलेले असते : "उन्हाळी लागली." मग धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक, आणि दोन दिवस उन्हात जायचे नाही. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण एक गोष्ट सर्वांनी ध्यानात घ्यावी. पाणी कमी पडले तर लघवी गडद पिवळी होते; रक्ताने लाल होत नाही. लाल झाली तर ती उन्हाळी नव्हे, दुसरे काहीतरी आहे, आणि ते काय हे घरी बसून कळत नाही.

कधी ते साधे जंतू असतात, कधी मुतखडा. पण कधी तो मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कर्करोग असतो. हा रोग बहुधा पन्नाशी-साठीच्या पुढे दिसतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत तीन-चार पट अधिक. त्याची पहिली खूण दहापैकी आठ रोग्यांत एकच : लघवीतून रक्त, आणि तेही बिनदुखणीचे. दुखत नाही म्हणून माणूस घाबरत नाही. त्यात हे रक्त एकदा-दोनदा येते आणि आपोआप थांबते. पुढे महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त काळ लघवी अगदी स्वच्छ. इथेच माणूस फसतो. "सब्जानं गुण आला बघा," असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात गाठ तिथेच असते. रक्त थोडे आले की जास्त, यावरूनही रोग लहान की मोठा हे ठरत नाही.

शिवाय आपली आणखी एक अडचण. रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस बांधावर बसतो. अंधारात रंग कोण बघणार, आणि माती तर सगळे पिऊन टाकते. शंका आली तर सकाळची लघवी काचेच्या स्वच्छ बाटलीत धरून उजेडात बघावी. आदल्या दिवशी लाल बीट खाल्ले असेल तर मात्र ते आठवावे. बिटाने लघवी लाल होते आणि एक-दोन दिवसांत निवळते. क्षयाच्या औषधांनी ती नारिंगी होते. पण असे कारण नक्की नसेल तर अंदाज करत बसू नये.

सगळ्यांनाच रक्त दिसते असेही नाही. काहींना सारखी लघवीला लागते, लागली की दम निघत नाही, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते, आग होते. जंतूंच्या गोळ्यांचा एक कोर्स होतो, दुसरा होतो, तिसरा होतो. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडत नाहीत आणि त्रास जात नाही. मूत्राशयाच्या आतील अस्तरावर पसरणारा चपटा कर्करोग असाच वागतो. अशा वेळी चौथी चिठ्ठी घेण्यापेक्षा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावे.

भगिनींचे जास्तच हाल होतात. बाईला जळजळ झाली की जंतूच समजतात आणि रक्त दिसले की पाळीचे समजतात. पाळी गेल्यावर दिसलेले रक्त, मग ते लघवीतून असो की अंगावरून, घरात सांगायला संकोच करू नये. पुरुषांच्या बाबतीत सगळा दोष प्रोस्टेटवर जातो. प्रोस्टेट वाढलेली असेलही, सोनोग्राफीत खडाही दिसेल. म्हणून रक्त त्याचेच असे गृहीत धरू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असली तरी तपासणी टाळू नये.

लहान किंवा चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. खात्री होते ती लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून पिशवी आतून बघितल्यावर. नाव ऐकूनच माणसे बिचकतात, पण भूल-जेल लावून काही मिनिटांत होणारे हे काम आहे.

वेळेला महत्त्व का, ते आपल्याला खोडकिडीवरून सहज पटेल. कीड पानावर असताना एक उपाय, कांड्यात शिरली की दुसरा. निदान होते तेव्हा चारपैकी तीन रोग्यांत रोग वरच्या थरातच असतो. तो दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो आणि पिशवी वाचते. स्नायूत शिरला तर बहुधा पिशवीच काढावी लागते आणि लघवीला पोटावरून वाट करावी लागते, नाहीतर केमोथेरपी व शेकाचा मार्ग धरावा लागतो. "हंगाम उरकला की बघू" याची किंमत ही एवढी आहे.

खरवडल्यानंतर काहींना पिशवीत बीसीजी सोडतात. होय, लहान मुलांना दंडावर देतात तीच क्षयाची लस. कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी हा उपाय १९७६ साली प्रसिद्ध केला. आठवड्याला एक असे सहा डोस असतात. डोसानंतर दोन दिवस आग होणे, वारंवार लागणे, किंचित लाल होणे हे चालायचेच. थंडी वाजून ताप आला आणि उतरेना तर डॉक्टरांना कळवावे. हा रोग परत उगवण्यात पटाईत आहे, म्हणून तीन महिन्यांची दुर्बीण तोडणीच्या गडबडीतही चुकवू नये.

कारणांत पहिली बिडी-सिगारेट. १८९५ साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा रोग दाखवून दिला. त्या रंगद्रव्यांच्या जातीची विषे तंबाखूच्या धुरातही असतात. मूत्रपिंडे ती गाळतात आणि ती तासन् तास लघवीच्या पिशवीत साठून राहतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी, रेशनकार्ड जवळ ठेवावे. मुंबईचे टाटा रुग्णालय सर्वांना माहीत आहे. बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे. जाताना एका कागदावर लिहून न्यावे : रक्त कोणत्या तारखांना दिसले, धारेच्या सुरुवातीला की शेवटी, गुठळ्या होत्या का, बिडी किती वर्षे, कोणती औषधे चालू आहेत. आणि गुठळी अडकून लघवी तुंबली तर सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा.