धबधब्यापासून चार पावलं मागे

पाऊस लागला की बदलापूरजवळच्या कोंडेश्वरला गर्दी सुरू होते. उल्हासनगर, अंबरनाथ, कल्याणहून पोरं येतात, महादेवाला हात जोडतात आणि थेट कुंडाकडे धावतात. आमच्या गटानेही तिथे चहा-भजी मांडली होती, अगदी पाण्याच्या काठाला. का, तर गिऱ्हाईक तिथेच जास्त. एका दुपारी खाली ऊन पडलं होतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळत होता. बघता बघता पाणी गढूळ झालं आणि चढलं. आम्ही वाचलो, पण स्टोव्ह आणि पातेली वाहून गेली. त्या रात्रीच्या बैठकीत एकच प्रश्न होता: धंदा सोडायचा की जागा बदलायची?

तेव्हा आम्ही आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया धबधब्याची माहिती काढली. झांबिया आणि झिंबाब्वे या देशांच्या सीमेवर झांबेझी नदी तिथे सुमारे १०८ मीटर खाली पडते. धबधब्याची रुंदी १७०० मीटरहून जास्त. तिथले लोक त्याला ‘गरजणारा धूर’ म्हणतात, कारण तुषार ढगासारखे वर उठतात. इतकं पाणी, पण पाहुणे ते बघतात समोरच्या कड्यावरच्या पायवाटेने, रेनकोट घालून. काठावरच्या एका कुंडात उतरता येतं, पण फक्त पाणी कमी असलेल्या महिन्यांत आणि वाटाड्याबरोबर. बाकीचा वेळ पाहुणे १९०५ सालचा पूल बघतात, नावेतून फिरतात, जवळच्या मुकुनी गावात जाऊन कारागिरांकडून लाकडी कोरीव वस्तू घेतात. म्हणजे लोक धबधब्यासाठी येतात, पण गावाच्या हाती पैसा पडतो तो आजूबाजूच्या गोष्टींतून.

मग आपल्याकडे काय कमी आहे? अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालाची नोंद आहे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला तासभरही पुरत नाही. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पावसाच्या तोंडावर शेवळं येतात, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. शहरातल्या माणसाला शेवळं काकड घालून कशी करायची, नाहीतर घसा कसा खाजतो, हे कोण सांगणार? आपणच ना!

आम्ही आता पाण्यापासून लांब, रस्त्याकडेला बसतो. तांदळाची भाकरी, रानभाजी आणि ठेचा. अन्न सुरक्षा नोंदणी केली. ताटाचा भाव ठरवताना पीठ, तेल, गॅसबरोबर आपली मजुरीही धरतो. पहिल्या महिन्यात विक्री घटली, खोटं कशाला सांगू? पण जेवायला थांबणारी कुटुंबं हळूहळू वाढली.

आणि तीन नियम केले. प्रशासनाचा बंदी आदेश निघाला की तिकडे ताट मांडायचं नाही, त्या दिवशी स्टेशनजवळ भाजी विकायची. दारू प्यायलेल्याला पाण्याची वाट सांगायची नाही. आणि पाणी गढूळ दिसलं, की गिऱ्हाईक असो वा नसो, ओरडून सगळ्यांना वर बोलवायचं.

कुणाचं तरी लेकरू घरी परत गेलं पाहिजे, मैत्रिणींनो. चार ताटं कमी खपली तरी चालतील.