फळा आणि वही

एखादा निवृत्त शिक्षक दोन तास खपून निवृत्तिवेतनाचा अर्ज संगणकावर लिहितो. अखेरच्या ओळीशी येतो न येतो तोच वीज जाते. ती परत येते तेव्हा पडदा कोरा असतो. यंत्राने दगा दिला, असे त्या गृहस्थाला वाटते. वस्तुतः दोष यंत्राचाही नसतो आणि त्याचाही नसतो. रॅम आणि स्टोरेज या दोन शब्दांतला भेद त्याला कोणी समजावून दिलेला नसतो, एवढेच.

तो भेद पाहण्यापूर्वी संगणकाचे माप पाहू. संगणकाला शून्य आणि एक या दोनच खुणा कळतात. अशी एक खूण म्हणजे बिट. क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधाने हा शब्द रूढ केला. त्याचे श्रेय मात्र त्यांनी जॉन ट्यूकी यांना दिले. आठ बिटांचा एक बाइट होतो. सध्या प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'घर' या शब्दाला सहा बाइट पुरतात. 'मराठी'ला पंधरा लागतात, कारण काना आणि वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते. हजार बाइटांचा किलोबाइट, दहा लक्षांचा मेगाबाइट आणि शंभर कोटींचा गिगाबाइट, असा हा हिशेब आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाच्या मुख्य स्मृतीत सुमारे दहा हजार बाइट मावत. आजच्या साध्या फोनची स्मृती अब्जावधी बाइटांची असते.

आता मूळ भेदाकडे वळू. रॅम म्हणजे वर्गातला फळा. चालू काम त्यावर मांडले जाते, झरझर वाचता येते. पण वीज जाताच तो आपोआप पुसला जातो. स्टोरेज म्हणजे वही. तिच्यात उतरवलेले वीज गेली तरी राहते. 'सेव्ह' करणे म्हणजे फळ्यावरचे वहीत उतरवून घेणे. आज काही कार्यप्रणाली हे काम आपण होऊन करतात. सगळ्याच करीत नाहीत.

हा भेद कळला की उपायही कळतो. एकाच वेळी अनेक कामे उघडल्याने यंत्र मंदावले, तर फळा अपुरा पडला असण्याचा संभव असतो; काही कामे बंद करावीत. 'जागा संपली' अशी सूचना आली, तर वही भरली आहे. नको असलेली छायाचित्रे व चित्रफिती काढून टाकाव्यात. आणि वहीही फाटू शकते, हरवू शकते. म्हणून महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. तिलाच 'बॅकअप' म्हणतात. 'क्लाउड' हे त्यासाठीचे एक ठिकाण. नाव ढगाचे असले, तरी ती दूर कोठेतरी जमिनीवर असलेल्या दुसऱ्या संगणकांतली वहीच होय.

त्या शिक्षकाने आयुष्यभर मुलांना एक गोष्ट बजावली असेल : फळ्यावरचे पुसण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या. संगणकापुढे बसताना त्याला नवे काही शिकायचे नाही. आपलाच धडा आठवायचा आहे.