हिमपावसाचा दाखला

गर्भारणीने आनंदी राहावे, हा उपदेश आपल्याकडे इतका स्वस्त आहे, की करणाऱ्याला त्यापायी कवडीही खर्चावी लागत नाही. कडेवर भरली घागर घेऊन सातव्या महिन्यातली सून जिना चढत असते आणि थोरल्या बाई ओसरीवरून बजावतात, "मनाला काही लावून घेऊ नकोस गं, पोरावर परिणाम होतो!" परिणाम होतो हे खरे, पण तो मनाला लावून घेतल्याने की घागरीने, हा प्रश्न त्या माउलीच्या मनात येत नाही, आणि शास्त्रज्ञांनाही तो नीट विचारण्याची संधी उशिराच लाभली.

अडचण उघड आहे. गर्भवतीला बुद्ध्या क्लेश देऊन प्रयोग करणे हे अमानुष. आणि नित्याच्या संसारातले क्लेश तपासावेत, तर ते दारिद्र्य, आजारपण, नवऱ्याचा स्वभाव आणि खुद्द आईचा उपजत चिंतातुरपणा यांत असे गुरफटलेले असतात, की मुलात जे दिसते ते क्लेशाचे फळ की रक्तातून आलेला वारसा, याचा निवाडा होत नाही. हवी होती ती एक आपत्ती, जी घराची पत आणि गृहिणीचा स्वभाव न विचारता कोसळेल.

ती जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतावर कोसळली. सुमारे पाच दिवस तेथे जो पाऊस झाला, तो थेंबाच्या रूपाने उतरे आणि तार, फांदी, छप्पर, ज्याला शिवेल त्यावर तत्क्षणी बर्फ होऊन बसे. त्या भाराखाली हजारो लाकडी खांब काडीसारखे मोडले आणि पोलादी मनोऱ्यांनी गुडघे टेकले. ऐन हिवाळ्यात सुमारे तीस लाख लोक अंधारात आणि थंडीत सापडले. कोणाची वीज काही तासांत परतली, कोणाची पाच-सहा आठवड्यांनी. हा क्रम केवळ तारांच्या नशिबाने ठरला, आणि संशोधनाच्या दृष्टीने तेच मोलाचे होते.

मॅकगिल विद्यापीठातील सुझान किंग यांनी हे हेरले. त्या वर्षी जूनमध्ये त्यांनी आपत्तीच्या वेळी गरोदर असलेल्या किंवा लगेच नंतर दिवस राहिलेल्या स्त्रियांकडे प्रश्नावल्या धाडल्या, आणि जबाबांची नोंद दोन स्वतंत्र खात्यांत ठेवली. एका खात्यात वस्तुस्थिती: किती दिवस वीज नव्हती, घर सोडावे लागले काय, किती नुकसान झाले. दुसऱ्यात मनःस्थिती: झोप उडाली काय, ते दिवस आठवून जीव घाबरा होतो काय. माझ्या मते साऱ्या उद्योगाचे मर्म या दोन खात्यांत आहे.

दोन वर्षांच्या ५८ मुलांची परीक्षा झाली, तेव्हा ज्यांच्या आईने अधिक हाल सोसले, त्यांची बौद्धिक आणि भाषिक प्रगती सरासरीने मंद आढळली. तेराव्या वर्षाच्या सुमारास ३६ मुलांच्या रक्तातील पेशी पाहिल्या, तर जनुकांवर मिथिलची जी रासायनिक मोहोर उमटते, तिच्यातील फरक पहिल्या खात्याशी जुळले, दुसऱ्याशी नाहीत. याचा अर्थ मनोव्यथा निरुपद्रवी असा नव्हे. इतर काही लक्षणांशी तिचाही संबंध याच अभ्यासात दिसला. शिवाय ही सरासऱ्यांची भाषा आहे. एखाद्या मुलाचे भविष्य तिच्यात वाचू नये.

आईचे हाल उदरापर्यंत पोचतात कसे? ताणाखाली अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. वारेत एक विकर चौकीदारासारखे बसलेले असते. ते बहुतांश कॉर्टिसॉलचे निष्क्रिय कॉर्टिझोनमध्ये रूपांतर करते, आणि थोडेच आत जाऊ देते. तेवढे हवेही असते. अखेरच्या आठवड्यांत फुप्फुसे पिकतात ती त्याच्याच हुकमाने. पण ताण लांबला, तर हा बंदोबस्त ढिला पडू शकतो. त्यात आणखी एक खुबी: मेंदूत कॉर्टिसॉल वाढले, की ते मागवणारा संप्रेरक आवरता घेतला जातो, वारेत मात्र तोच संप्रेरक उलट वाढतो. याखेरीज दाह, निद्रानाश, तुटपुंजा आहार या वाटाही आहेतच.

इतका तपशील वाचल्यावर गर्भवतीस 'प्रसन्न राहा' असे फर्मावणे मला काहीसे निर्दय वाटते. वीज गेल्याचा जाब जणू तिच्याकडेच मागितला जातो.

जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात महापूर आला, तेव्हा ब्रिस्बेनमध्ये योगायोगाने सुईणींविषयीचा एक प्रयोग चालू होता: काही गर्भवतींची देखभाल रुग्णालयाच्या नेहमीच्या रिवाजाने, तर काहींची आरंभापासून प्रसूतीनंतरपर्यंत एकाच ओळखीच्या सुईणीकडे. किंग आणि तेथील संशोधकांनी या स्त्रियांचा मागोवा घेतला. पुराचा ताण वाढला तशी नेहमीच्या देखभालीतील मातांची बाळंतपणानंतरची उदासी वाढत गेली. ओळखीच्या सुईणीच्या हातच्या मातांत तसे घडले नाही, आणि त्यांच्या सहा महिन्यांच्या बाळांच्या वाढीवरही पुराची छाया कमी पडली. त्या सुईणीच्या अंगी पूर ओसरवण्याची सिद्धी नव्हती. तिचा फोन नंबर गर्भवतीजवळ होता, आणि पुढच्या तपासणीला दार उघडले की समोर तीच उभी असे.