फिल्टरवरचा काळा डाग

हवेचे नमुने घेणाऱ्या यंत्रातला फिल्टर कागद पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी होते. आदल्या दिवशी पांढराशुभ्र असलेला कागद काजळी धरल्यासारखा झाला होता. वजन केलं की धूळ किती ते कळतं. पण ती धूळ पेशीतल्या डीएनएचं काय करते, हे वजनकाटा सांगत नाही.

त्यासाठी एक जुनी, स्वस्त चाचणी आहे. बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी ती १९७०च्या दशकात बसवली. साल्मोनेला जिवाणूचा एक पांगळा वाण घ्यायचा. पांगळा अशासाठी, की हिस्टिडीन हे अमिनो आम्ल त्याला स्वतः बनवता येत नाही आणि बाहेरून मिळालं नाही तर वाढ खुंटते. धुळीचा अर्क काढून त्याच्याबरोबर बशीत घालायचा. अर्काने जनुकांत बदल घडवले, तर काही जिवाणूंतला मूळ दोष योगायोगाने दुरुस्त होतो आणि बशीवर ठिपके उगवतात. ते मोजायचे. (थोडे ठिपके अर्काविनाही उगवतात, म्हणून शेजारी कोरी बशी हवीच.) बेन्झोपायरीनसारखी द्रव्यं शरीरात रूपांतर झाल्यावरच घातक ठरतात, म्हणून उंदराच्या यकृतातली विकरंही मिसळतात. जिवाणूला यकृत उसनं द्यायचं, असा हा प्रकार.

पण जिवाणूला फुप्फुसं नसतात आणि बापपणही नसतं. म्हणून मला जास्त गुंतवतो तो कॅनडातल्या हॅमिल्टनचा प्रयोग.

हॅमिल्टन हे ऑन्टारियो सरोवराकाठचं पोलादाचं शहर. तिथे घरटी करणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या पिल्लांत आईबापांत नसलेले जनुकीय बदल जास्त आढळतात, हे १९९६ साली प्रसिद्ध झालं. दोष हवेचा, की पाण्यातून माशांत उतरलेल्या विषाचा? पक्ष्यांवरून ते ठरेना. मग क्रिस्टोफर सोमर्स, जेम्स क्विन आणि सहकाऱ्यांनी पोलाद कारखान्यांजवळ उंदीर ठेवले. काहींना बाहेरची हवा तशीच, काहींना हेपा फिल्टरमधून गाळून. असेच दोन गट दूर ग्रामीण भागात. दहा आठवड्यांनंतर त्यांची वीण करून पिल्लांचा डीएनए तपासला.

निष्कर्ष २००४ साली ‘सायन्स’मध्ये आले. कारखान्याजवळची न गाळलेली हवा घेतलेल्यांच्या पिल्लांत बापाकडून आलेले बदल उरलेल्या तीन गटांच्या १.९ ते २.८ पट होते. त्याच जागी हवा गाळल्यावर मात्र प्रमाण ग्रामीण गटांइतकं उतरलं. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू जाऊ देतो. म्हणजे संशय कणांवर, किंवा त्यांना चिकटून आलेल्या द्रव्यांवर.

इथे जपून बोलायला हवं. तपासलेले डीएनएचे तुकडे मुळातच फार बदलणारे, म्हणून मुद्दाम निवडलेले होते. पिल्लं आजारी निघाली, असा याचा अर्थ नाही. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. (माणसापुरतं बोलायचं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरची प्रदूषित हवा निश्चित कर्ककारकांच्या गटात घातली.)

आपल्याकडे दिवाळीत घरात कुणी गरोदर असेल, तर फटाक्यांच्या धुरापासून तिला आत बसवतात. होणारा बाप अंगणात असतो. हॅमिल्टनच्या उंदरांत वाढलेले बदल बापाच्या बाजूने आले होते.